सरावात जमलेला हात दुसऱ्या दिवशी का सुटतो?

प्रश्न
लिहिणार: लाठी-प्रशिक्षिका, मंगळवार पेठ

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात मुलींच्या एका गटाला मर्दानी खेळ शिकवते. बहुतेक मुली पाचवी ते नववीत शिकणाऱ्या आहेत आणि सध्या आमचा भर लाठीवर आहे. आमची शिकवण्याची पद्धत परंपरेने आलेली आहे. एक हात, म्हणजे लाठी फिरवण्याचा एक ठरावीक प्रकार, घ्यायचा, तो अंगवळणी पडेपर्यंत तोच घोटून घ्यायचा आणि मगच पुढच्या हाताकडे वळायचे. मीही अशीच शिकले आणि या पद्धतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

अडचण अशी आहे की तास संपत आला की मुलींची लाठी फार सफाईने फिरते. उजव्या हाताने फिरवत आणलेली लाठी पाठीमागून काढून डाव्या हातात घेणे हा तसा अवघड प्रकार, पण तोही तासाच्या शेवटी सहज होतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच मुलीची लाठी पाठीमागे गेली की कमरेला अडकते, पकड मधोमध न राहता टोकाकडे सरकते आणि लाठी सावरण्याच्या नादात पवित्रा मोडतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत तर हलगी कडाडू लागली आणि सभोवती गर्दीचे कडे झाले की निम्म्या मुलींचे हात सुटतात. विशेष म्हणजे याच मुलींना कोणता पाय कधी पुढे टाकायचा हे तोंडी विचारले, तर त्या अचूक सांगतात.

अशा वेळी मेंदूत नेमके काय घडत असते, ते मला समजून घ्यायचे आहे. घोटून घेणे आणखी वाढवावे, की सरावाची रचनाच बदलावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १
लिहिणार: शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त अध्यापक, ताराबाई पार्क

ताई, आपला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. तोंडी सांगता येणे आणि हाताने करता येणे या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळल्या जातात. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूवर 1953 मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात स्पष्टपणे सुधारला, पण हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्याला आठवणच नव्हती. मिल्नर यांचे हे निष्कर्ष 1962 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मुलींची स्थिती याच्या बरोबर उलट आहे: त्यांना क्रम पाठ आहे, हात अजून तयार व्हायचा आहे. त्यामुळे तोंडी उजळणी कितीही वाढवली, तरी तिचा उपयोग ठरावीक मर्यादेपलीकडे होणार नाही.

आता हात तयार होतो कसा, ते पाहू. लाठी वेगाने फिरत असताना ती कोठे आहे हे डोळ्यांनी पाहून, ते मेंदूला कळून, त्यानुसार स्नायूला आज्ञा जाईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ निघून जातो आणि तेवढ्यात लाठी पुढे गेलेली असते. म्हणून मेंदू पाहून दुरुस्ती करण्यावर विसंबून राहू शकत नाही. दिलेल्या आज्ञेमुळे लाठी कोठे पोहोचेल याचे भाकीत त्याला आधीच करावे लागते. या कामात डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा, वाटा फार मोठा आहे. तेथील पुर्किंजे नावाच्या प्रत्येक मज्जापेशीवर समांतर तंतू या बारीक मज्जातंतूंचे एक लाखाहून अधिक जोड असतात, पण आरोही तंतू हा दुसऱ्या प्रकारचा तंतू मात्र एकच येतो. भाकीत आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला, म्हणजे आपल्या उदाहरणात लाठी कमरेला अडकली, की या आरोही तंतूवाटे चूक झाल्याची खबर पोहोचते आणि त्या क्षणी जे समांतर जोड कार्यरत होते त्यांची ताकद बदलते. ही कल्पना डेव्हिड मार यांनी 1969 मध्ये आणि जेम्स अल्बस यांनी 1971 मध्ये मांडली. मार यांच्या मते हे जोड बळकट होत असावेत, तर अल्बस यांच्या मते दुबळे. मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये प्रयोगाने दाखवले की ते दुबळे होतात. चुकीच्या आज्ञेला हातभार लावणारे जोड मागे पडत जातात, असा याचा ढोबळ अर्थ. अनुमस्तिष्कातील शिक्षणाचे आणखीही मार्ग पुढे सापडले आहेत, पण चूक हाच या शिक्षणाचा कच्चा माल आहे, हे सूत्र टिकून आहे. जेथे चूकच होत नाही, तेथे या यंत्रणेला शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

मेंदूच्या तळाशी असलेल्या तलीय गंडिका, म्हणजे पेशींचे पुंजके, दुसऱ्या बाजूने काम करतात. अपेक्षेपेक्षा चांगले घडले की तेथे डोपामाइन या रसायनाचा संकेत वाढतो आणि ती हालचाल पुन्हा निवडली जाण्याची शक्यता बळावते. सुट्या सुट्या हालचाली गुंफून त्यांचा एक अखंड क्रम बनवण्यातही त्यांचा सहभाग असतो. मोठ्या मेंदूच्या प्रेरक पट्ट्यातही, म्हणजे स्नायूंना आज्ञा देणाऱ्या भागातही, बदल होतो. कार्नी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये बोटे अंगठ्याला ठरावीक क्रमाने टेकवण्याचा सराव काही आठवडे रोज थोडा वेळ करून घेतला. तेव्हा सरावाचा क्रम करताना प्रेरक पट्ट्याचा जो भाग उद्दीपित होत होता, तो नवख्या क्रमाच्या वेळी होणाऱ्या भागापेक्षा मोठा झालेला दिसला. हा बदल तासाभरात झालेला नव्हता, त्याला आठवडे लागले होते.

तासाच्या शेवटी दिसणारी सफाई फसवी का असते, याचे उत्तर यात आहे. एकच हात सलग वीस-पंचवीस वेळा केला की आधीच्या वेळची आज्ञा मेंदूत अजून ताजी असते. मुलगी तीच पुन्हा वापरते, नव्याने जुळवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती शून्यापासून जुळवावी लागते आणि नेमक्या याच जुळवणीचा सराव तिला मिळालेला नसतो. शिया आणि मॉर्गन यांच्या 1979 मधील प्रयोगात हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या होत्या. एका गटाने एक हालचाल संपवून दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा मिसळून सराव करणारा गट सरस ठरला. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपण घोटून घेणे वाढवू नये. तीन-चार हात मिसळून घ्यावेत आणि प्रगती तासाच्या शेवटी न मोजता पुढच्या तासाच्या पहिल्या प्रयत्नात मोजावी.

उत्तर २
लिहिणार: तालमीतला जुना गडी, शिवाजी पेठ

सरांनी मोलाची माहिती दिली आहे, परंतु मिसळून सराव करण्याच्या सल्ल्याला माझी हरकत आहे. ताई, तुमच्या गटात नव्या मुली किती आणि जुन्या किती, हे आधी पाहावे लागेल. ज्या मुलीचा पवित्राच अजून बसलेला नाही, जिचे वजन मागच्या टाचेवर जाते आणि जिची लाठी फिरताना गुडघ्याला लागते, तिला एकामागून एक चार वेगळे हात करायला लावले तर ती गोंधळेल, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या कानाला लाठी लागण्याचा धोका वेगळाच. जुने वस्ताद आरंभी नुसते पायाचे काम महिनोन्महिने करून घेत, ते उगाच नव्हे. पाय स्थिर नसेल तर हाताला आधार कशाचा?

दांडपट्ट्याचेच पाहा. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या खोबणीत बंदिस्त असल्यामुळे मनगट वळवायला वाव मिळत नाही आणि सगळी फिरत खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून काढावी लागते. तलवारीची सवय असलेला माणूस पट्टा हातात घेतल्यावर पहिल्यांदा मनगटच वापरायला जातो आणि पाते स्वतःच्या अंगाकडे येते. अशा ठिकाणी आधी एकच फिरत, तीही संथ, पुन्हा पुन्हा करून घेण्याला पर्याय नाही.

उत्तर ३
लिहिणार: शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त अध्यापक, ताराबाई पार्क

आपली हरकत रास्त आहे आणि संशोधनातही तिला आधार आहे. मिसळलेल्या सरावाचे बरेचसे प्रयोग सोप्या, प्रयोगशाळेतील हालचालींवर झालेले आहेत. अवघड कौशल्यांना आणि अगदी नवख्या शिकाऱ्यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत, असे गॅब्रिएल वुल्फ आणि चार्ल्स शिया यांनी 2002 मध्ये याच विषयाचा आढावा घेताना दाखवून दिले. फिट्स आणि पोस्नर यांनी 1967 मध्ये कौशल्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी विचारपूर्वक करणे, मग जुळवून आणणे आणि शेवटी आपोआप होणे. पहिल्या पायरीवरच्या मुलीला एकच हात सलग द्यावा, यात दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच, की लाठी अंगाला न लागता ती मुलगी एक हात ओळीने दोन-तीनदा करू लागली, की त्याच दिवसापासून मिसळणे सुरू करावे. आपल्याकडे सलग घोटण्याचा टप्पा गरजेपेक्षा फार लांबतो.

तालमीच्या परंपरेत मला एक गोष्ट फार शास्त्रशुद्ध वाटते, तिचाही उल्लेख करतो. मातीत उतरलेला मल्ल रोज वेगवेगळ्या जोडीदाराशी लढतो. कोणी उंच असतो, कोणी बुटका, कोणी डावा पाय पुढे टाकणारा. त्यामुळे एकच डाव त्याला प्रत्येक वेळी थोडा वेगळा करावा लागतो. निकोलाय बर्नस्टाईन यांनी 1920च्या दशकात मॉस्कोमध्ये छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली, तेव्हा हातोड्याच्या टोकाचा मार्ग जवळजवळ सारखा राहतो, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन दर घावाला बदलतात, असे त्यांना आढळले. निष्णात माणूस हालचालीची नक्कल करत नसतो, तो दर वेळी तेच काम नव्याने सोडवत असतो. यावरून लाठी शिकवणाऱ्याने घ्यायची गोष्ट म्हणजे लाठीच्या टोकाचा मार्ग आणि पवित्र्याचा तोल यांबाबत काटेकोर राहावे, पण सर्व मुलींची कोपरे एकाच कोनात दिसावीत हा हट्ट धरू नये. त्यांच्या हातांची लांबी सारखी नाही.

उत्तर ४
लिहिणार: फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी

माझे काम मुख्यत्वे अर्धांगवायूनंतर हात पुन्हा वापरायला शिकणाऱ्या रुग्णांबरोबर चालते. त्या अनुभवातून दोन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट सरावाच्या विभागणीची. बॅडली आणि लाँगमन यांनी 1978 मध्ये ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना चार गट केले होते. रोज एकच तास सराव करणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास सर्वांत कमी लागले आणि दिवसातून दोनदा दोन-दोन तास बसणाऱ्यांना सर्वांत जास्त. पण समाधानाबद्दल विचारले तेव्हा एक तासवाला गटच सर्वांत कमी समाधानी होता, कारण त्यांचे दिवस अधिक गेले होते. ताई, पालकांची आणि मुलींची पसंती हा सरावाच्या परिणामाचा विश्वासार्ह मापदंड नव्हे, हे यातून लक्षात यावे. आठवड्यातून एकदा तीन तासांचे शिबिर घेण्यापेक्षा रोजचा अर्धा-पाऊण तास अधिक फलदायी ठरेल.

दुसरी गोष्ट सूचनांची. मुलगी चुकली की आपण लगेच ओरडून सांगतो, "कोपर वर घे, पाय बदल!" त्या क्षणी तिची हालचाल सुधारते, पण ती सुधारणा आपल्या आवाजाच्या आधारावर उभी असते. विन्स्टीन आणि श्मिट यांच्या 1990 मधील प्रयोगांत प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्या गटापेक्षा साधारण निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगितलेल्या गटाची कामगिरी नंतरच्या परीक्षेत चांगली राहिली. माझ्या रुग्णांना मी आधी विचारते, "पेला उचलताना काय बिघडलं असं तुम्हाला वाटतं?" आणि त्यांचे उत्तर ऐकल्यावरच माझे मत सांगते. काही जण चिडतात, कारण त्यांना उत्तर आयते हवे असते, पण स्वतःची चूक स्वतःला जाणवण्याची क्षमता तयार झाली नाही, तर घरी गेल्यावर त्यांना कोण सांगणार? मिरवणुकीतही मुलींना कोणी सांगणार नसते.

उत्तर ५
लिहिणार: रायफल नेमबाज, कळंबा

मिरवणुकीत हात सुटण्याबद्दल थोडेसे लिहितो. आपल्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत यांच्यासारखी 2010 ची विश्वविजेती आणि स्वप्नील कुसाळे यांच्यासारखा 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता दिला, त्यामुळे दडपणाखाली हात कसा स्थिर ठेवायचा ही चर्चा येथील नेमबाजांत नेहमी चालते. आपोआप होऊ लागलेल्या हालचालीकडे दडपणाच्या वेळी मुद्दाम लक्ष दिले की ती विस्कटते. बेलॉक आणि कार यांनी 2001 मध्ये गोल्फच्या हलक्या फटक्यांवर केलेल्या प्रयोगांतून याला पुष्टी मिळाली. त्याला जोडून वुल्फ यांचे 1998 पासूनचे काम सांगते, की लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवले तर शिकणे चांगले होते. म्हणून मुलींना "मनगट फिरव" असे सांगण्याऐवजी "लाठीच्या टोकाने मोठा गोल काढ" असे सांगून पाहावे. शिवाय शेवटच्या काही आठवड्यांत सराव हलगी लावून, डांबरी रस्त्यावर, थोड्या उतारावर आणि बघ्यांच्या समोर घ्यावा. गुळगुळीत फरशीवर, शांततेत शिकलेला हात रस्त्यावर तसाच्या तसा उतरेल अशी अपेक्षा करणे मुलींवर अन्याय करणारे आहे.

प्रतिसाद
लिहिणार: लाठी-प्रशिक्षिका, मंगळवार पेठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. नव्या आणि जुन्या मुलींचे दोन गट करून, जुन्या गटाला हात मिसळून देण्याचे मी ठरवले आहे. सूचना कमी करणे मला जड जाईल, पण तेही करून पाहीन.

एक शंका मात्र उरते. एक गोष्ट शिकल्यावर लगेच दुसरी शिकली तर पहिली पुसली जाते, असेही मी वाचले आहे. तसे असेल तर हात मिसळण्याचा सल्ला त्याच्या विरोधात जात नाही का? आणि झोपेचा यात काय संबंध आहे? आमचा वर्ग संध्याकाळी असतो. तो संपला की मुली शिकवणीला जातात आणि परीक्षेच्या दिवसांत फार उशिरा झोपतात.

उत्तर ६
लिहिणार: शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त अध्यापक, ताराबाई पार्क

शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. आपण वाचलेला प्रयोग बहुधा ब्रॅशर्स-क्रुग, शादमेहर आणि बिझी यांचा, 1996 मधील असावा. त्यात लोकांनी यंत्राची मूठ धरून हात एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत न्यायचा होता आणि यंत्र तो हात एका बाजूला ढकलत असे. हे जमल्यावर लगेच उलट बाजूला ढकलणारा प्रकार शिकवला, तर दुसऱ्या दिवशी पहिला प्रकार जवळजवळ नव्याने शिकावा लागला. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवले, तर पहिला टिकून राहिला. सरावानंतर काही तास ती स्मृती कच्ची असते आणि हळूहळू पक्की होत जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

तथापि, त्या प्रयोगात दोन्ही प्रकार दिसायला एकच होते, फक्त लागणारा जोर नेमका उलट होता. आता कोणता प्रकार चालू आहे हे ओळखण्याची स्पष्ट खूण मेंदूजवळ नव्हती, म्हणून दुसरा पहिल्यावर चढला. लाठीचा डोक्यावरून फिरवण्याचा हात आणि पाठीमागून काढण्याचा हात यांची सुरुवात, पकड आणि पवित्रा वेगळे आहेत, त्यामुळे मेंदू त्यांची गल्लत सहसा करत नाही. मिसळलेल्या सरावात तर प्रत्येक हात पुन्हा पुन्हा आठवून काढला जातो, दुसऱ्याखाली तो कायमचा दडपला जात नाही. आपला प्रश्न खरा ठरेल तो जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या, पण आतून वेगळ्या गोष्टींच्या बाबतीत. उदाहरणार्थ, हलक्या वेताच्या काठीवर शिकलेला हात त्याच संध्याकाळी जड लाठीवर नव्याने बसवायला घेणे, किंवा जुन्या गड्यांनी उल्लेख केलेली तलवार आणि पट्टा ही जोडी पाठोपाठ शिकवणे. अशा जोड्या आरंभीच्या काळात वेगळ्या दिवशी ठेवाव्यात.

झोपेविषयी म्हणायचे, तर वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये बोटांच्या क्रमाचा सराव करून घेतला, तेव्हा मध्ये रात्रीची झोप झालेल्यांचा वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला आढळला. तेवढाच काळ जागे राहिलेल्यांत अशी वाढ नव्हती. पुढे 2008 मध्ये रिकार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या वाढीचा बराचसा भाग सरावाच्या शेवटी आलेल्या थकव्यामुळे आणि मोजमापाच्या पद्धतीमुळे दिसतो. म्हणून झोपेने हात आपोआप सुधारतो, असे मी म्हणणार नाही. झोपेमुळे शिकलेले टिकून राहण्यास मदत होते, एवढे म्हणणे सुरक्षित आहे. शिकवणीची मला चिंता वाटत नाही, कारण गणित किंवा इतिहास हे लाठीशी स्पर्धा करणारे हातकाम नाही. जागरणाची मात्र वाटते. परीक्षेच्या दिवसांत वर्ग पाऊण तासावरून वीस मिनिटांवर आणला तरी चालेल, पण मुलींना घरी लवकर सोडावे आणि त्या काळात नवा हात सुरू करू नये.

उत्तर ७
लिहिणार: तालमीतला जुना गडी, शिवाजी पेठ

सर, नवखी मुलगी कोणत्या दिवशी मिसळायला तयार होते, याबद्दल तुम्ही सांगितलेली खूण मला मान्य आहे. त्यात एकच भर घालतो. हात ओळीने दोन-तीनदा निर्वेध झाला, तरी तो करताना तिची नजर लाठीवर आहे की समोर, हे पाहावे. नजर लाठीच्या मागे फिरत असेल तर ती अजून तयार नाही. नजर समोरच्या जोडीदारावर ठेवून लाठी फिरू लागली, की ताईंनी तिला निःशंकपणे जुन्या गटात घ्यावे.